तुझ्यापेक्षा माझं दप्तर जड!



आज एक गंमत सांगतो. म्हणजे, आज ती गंमत वाटते. ज्या दिवशी घडली त्या दिवशी मात्र रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

मी शिकलो खेड्यातल्या मराठी शाळेत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली. दहावी झाल्यावर मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला फर्मान सुटलं, प्रत्येकाने उभं राहून आपल्या गावाबद्दल एक वाक्य इंग्रजीत बोलायचं. माझी पाळी येईपर्यंत मी मनातल्या मनात मराठी वाक्य पक्कं केलं : 'आमच्या गावची हवा या शहरापेक्षा जास्त चांगली आहे.' मग त्यातला एकेक शब्द उचलून इंग्रजीत नेऊन ठेवला आणि ठणठणीत आवाजात म्हणालो :

'द एअर इन माय व्हिलेज इज मोअर बेटर दॅन दिस सिटी.'

'मोअर बेटर' ऐकताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी खाली बसलो. पार दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या वर्गात मी इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही. एका 'मोअर'ने माझं तोंड बंद केलं होतं!

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आमच्या जुन्या गुरुजींना ही हकिगत सांगितली. मला वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, तुझ्या वाक्यात एक नाही, दोन चुका आहेत. हसणाऱ्यांना एकच दिसली. दुसरी त्यांनाही दिसली नाही, म्हणजे तेही अजून शिकायचेच आहेत. मग लाजतोस कशाला?"

मित्रांनो, पहिली चूक तुम्हाला सापडली असेलच. दुसरी सापडते का, पाहा बरं. नाही सापडली तरी हरकत नाही. हा लेख संपेपर्यंत ती नक्की सापडेल.

'पेक्षा'चा पराक्रम

आधी आपली मराठी पाहू. 'राजू उंच आहे.' 'राजू संजूपेक्षा उंच आहे.' 'राजू वर्गात सर्वांत उंच आहे.' तिन्ही वाक्यांत 'उंच' हा शब्द जसाच्या तसा राहिला. त्याला काही चिकटलं नाही, त्यातलं काही गळलं नाही. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' आणि 'सर्वांत' यांनी केलं. 'पेक्षा' तर संजूच्या मानगुटीवर जाऊन बसला!

इंग्रजीत तसं नाही. तिथे संजूच्या आधी 'दॅन' येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. 'उंच' या शब्दालाही कपडे बदलावे लागतात. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शाळेत याच तीन पायऱ्यांना आपण पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह डिग्री म्हणतो.

मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. 'राजू इज टॉल दॅन संजू' असं तो म्हणतो. 'पेक्षा'साठी 'दॅन' ठेवला, झालं काम, असं त्याला वाटतं. पण विशेषणाचे कपडे बदलायचे राहिले ना! वाक्य हवं, 'राजू इज टॉलर दॅन संजू.'

आणखी एक. 'दॅन'चं स्पेलिंग लिहिताना मध्ये 'ए' येतो. 'ई' लिहिलात तर त्याचा अर्थ 'मग, नंतर' असा होतो. 'राजू उंच मग संजू' म्हटल्यासारखं होईल!

टाळ्या वाजवा, उत्तर मिळवा

कुठे 'अर' लावायचा आणि कुठे आधी 'मोअर' घ्यायचा? यासाठी टाळ्यांची युक्ती करा. शब्द मोठ्याने म्हणा आणि जितके तुकडे पडतील तितक्या टाळ्या वाजवा.

टॉल : एक टाळी. स्मॉल : एक टाळी. कोल्ड : एक टाळी. एका टाळीच्या शब्दाला 'अर' आणि 'एस्ट'. टॉलर, स्मॉलर, कोल्डर.

ब्यू-टि-फुल : तीन टाळ्या. डिफिकल्टच्याही तीन, इंटरेस्टिंगच्या तर त्याहून जास्त. अशा लांबलचक शब्दांना शेपूट लावलं तर ते उचलायचं कोणी? म्हणून आधी 'मोअर' किंवा 'मोस्ट'. मोअर ब्यूटिफुल, मोस्ट डिफिकल्ट.

दोन टाळ्यांच्या शब्दांत थोडी गडबड आहे. शेवटी 'वाय' असेल तर 'वाय' जाऊन 'आय' येतो आणि मग 'अर' लागतो. हॅपी-हॅपिअर, हेवी-हेविअर. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना 'मोअर' आवडतो, जसं मोअर केअरफुल. लिहिताना हेही लक्षात ठेवा : बिगमध्ये एकच 'जी', पण बिगरमध्ये दोन. हॉटमध्ये एक 'टी', हॉटरमध्ये दोन.

आणि गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट यांचं काय? हे शब्द कुठल्याच नियमात बसत नाहीत. 'गुडर' का नाही म्हणायचं, म्हणून इंग्रजीवर रागावू नका. आपण तरी 'मी जातो' म्हणतो, पण काल काय झालं ते सांगताना 'मी जालो' म्हणतो का? 'गेलो' म्हणतो! दोन वेगवेगळ्या शब्दांनी मिळून एक संसार थाटला, की असं होतं. हे शब्द पाढ्यासारखे पाठच करायचे.

डबल डबल नको

आता माझी पहिली चूक. बेटर या शब्दाच्या पोटातच 'जास्त' आहे. बेटर म्हणजे जास्त चांगलं. त्याच्याआधी पुन्हा 'मोअर' लावला म्हणजे 'जास्त जास्त चांगलं' झालं. 'मोअर टॉलर', 'मोअर हेविअर', 'मोस्ट बेस्ट' ही सगळी त्याच घरची मंडळी. चहात एकदा साखर घातल्यावर पुन्हा घातलीत, तर तो गोड होत नाही, गुळचट होतो!

तुम्ही म्हणाल, ही चूक फक्त आपणच करतो. नाही बरं का! खुद्द शेक्सपिअरच्या नाटकांत अशा डबल तुलना सापडतात. त्या काळी लोक जोर देण्यासाठी तसं बोलत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पुढे १८व्या शतकात व्याकरणकारांनी दंडुका उगारला. रॉबर्ट लौथ या इंग्रज बिशपने १७६२ साली इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने डबल तुलना अयोग्य ठरवली. तेव्हापासून शाळेच्या इंग्रजीत ती चूकच मानतात.

मग जोर कसा द्यायचा? 'दादा माझ्यापेक्षा खूप उंच आहे' हे कसं सांगायचं? इथे दुसरा खड्डा आहे. 'खूप'साठी आपण पटकन 'व्हेरी' म्हणतो आणि 'व्हेरी टॉलर' होऊन बसतं. 'व्हेरी' फक्त साध्या विशेषणाशी दोस्ती करतो, जसं व्हेरी टॉल. कंपॅरेटिव्हची दोस्ती 'मच'शी. म्हणून 'मच टॉलर', 'मच बेटर'. मराठीत 'खूप' दोन्हीकडे चालतो, म्हणून आपली फसगत होते.

तर, तम आणि इष्ठ

विशेषणाला शेपूट लावायची ही पद्धत फार परकी वाटते का? मग गणिताच्या तासाला जाऊ. 'लसावि' म्हणजे काय? लघुतम साधारण विभाज्य. लघु, लघुतर, लघुतम! स्मॉल, स्मॉलर, स्मॉलेस्ट! संस्कृतात ही शेपटं होतीच, आणि 'उच्चतर', 'महत्तम' अशा शब्दांतून ती मराठीत आली.

याहून मोठी गंमत पुढे आहे. संस्कृतात 'इष्ठ' हेही एक शेपूट होतं. ज्येष्ठ म्हणजे सर्वांत मोठा, कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान, श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला. आता 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा. इष्ठ, एस्ट. कानाला काही जाणवलं? ही दोघं चक्क चुलत भावंडं आहेत! १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या मुळातून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी त्यात सुचवलं. इंग्रजी ही त्याच मोठ्या कुटुंबातली. संस्कृतातला 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजीतला 'स्वीटेस्ट' हे तर मुळात एकच. म्हणजे आजीच्या हातचा लाडू स्वादिष्ट आहे, असं म्हणताना तुम्ही नकळत सुपरलेटिव्ह डिग्री वापरता!

आणि भाषणांत लोक 'श्रेष्ठतम' म्हणतात ना, तो आपला 'मोस्ट बेस्ट' बरं का. 'इष्ठ'ही आहे आणि वर 'तम'ही! आता कुणी 'मोअर बेटर' म्हणालं तर हसण्याआधी हे आठवा.

गुरुजींचा तराजू

आता दुसरी चूक. ती समजावताना गुरुजींनी मला गावातल्या वाण्याच्या दुकानासमोर उभं केलं आणि तराजू दाखवला.

"तुलना हा शब्द तुला, म्हणजे तराजू, यावरूनच आलाय," ते म्हणाले. "इंग्रजी वाक्य म्हणजे हा तराजू समज. 'दॅन' हा मधला काटा. एका पारड्यात काय आहे आणि दुसऱ्यात काय आहे, ते आधी बघ. तुझ्या वाक्यात एका पारड्यात काय होतं?"

"गावची हवा."

"आणि दुसऱ्यात?"

मी म्हणालो, "शहर." आणि एकदम डोक्यात उजेड पडला. एका पारड्यात हवा आणि दुसऱ्या पारड्यात इमारती, रस्ते, गाड्यांसकट अख्खं शहर! हवेची तुलना हवेशीच व्हायला हवी. म्हणून वाक्य असं :

'द एअर इन माय व्हिलेज इज बेटर दॅन द एअर इन दिस सिटी.'

मराठीत ही चूक चटकन दिसत नाही. का? 'माझं दप्तर तुझ्यापेक्षा जड आहे' हे वाक्य घ्या. यातल्या 'तुझ्यापेक्षा'चे दोन अर्थ होतात. एक, 'तुझ्या दप्तरापेक्षा'. दुसरा, 'खुद्द तुझ्यापेक्षा'. ऐकणारा समजून घेतो आणि काम भागतं. इंग्रजी मात्र समजून घेत नाही. तिथे या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. 'माय बॅग इज हेविअर दॅन यू' म्हणालात, तर एका पारड्यात तुमचं दप्तर आणि दुसऱ्यात तुमचा मित्र पाय सोडून बसलेला दिसेल! हल्लीची दप्तरं पाहता तेही खोटं नसेल म्हणा. पण तुम्हाला म्हणायचंय, 'माय बॅग इज हेविअर दॅन युअर्स.'

असंच 'महाबळेश्वरची हवा पुण्यापेक्षा थंड' याचं. 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन दॅट ऑफ पुणे.' हा 'दॅट' म्हणजे पुन्हा 'क्लायमेट'च. तोच शब्द दोनदा नको म्हणून त्याच्या जागी 'दॅट' बसवला. परीक्षेत हा 'दॅट ऑफ' विसरून हमखास मार्क जातो. सरावासाठी वाटेत घाट चढताना एक वाक्य म्हणत जा : 'द हायर यू गो, द कूलर इट गेट्स.' जितकं वर जाल, तितका गारवा वाढेल. आपल्या 'जितका-तितका'चं काम इथे दोन 'द' आणि दोन कंपॅरेटिव्ह करतात.

पारडी तपासायची सवय लागली, की आणखी एक खोडी पकडता येते. 'ताई लाइक्स द कॅट मोअर दॅन मी.' याचा अर्थ काय? ताईला माझ्यापेक्षा मांजर जास्त आवडतं, की मला आवडतं त्यापेक्षा ताईला मांजर जास्त आवडतं? पहिला अर्थ असेल तर घरात भांडण होईल! दुसरा अर्थ हवा असेल तर स्पष्ट म्हणा, 'मोअर दॅन आय डू.'

कळसूबाई स्वतःपेक्षा उंच?

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. आता कुणी लिहिलं, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र', तर काय बिघडलं? पारडी पाहा. दुसऱ्या पारड्यात महाराष्ट्रातली सगळी शिखरं आहेत. त्यांत कळसूबाईही आहे! म्हणजे कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच झाली. तिला त्या पारड्यातून बाहेर काढायचं काम 'अदर' हा छोटा शब्द करतो : 'हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.'

पण 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा' हे मात्र 'अदर'शिवाय बरोबर. कारण कळसूबाई गोव्यात नाहीच, मग तिला बाहेर काढायचं कशाला? पाठ न करता, पारड्यात डोकावून उत्तर सापडतं, ते असं.

एकच गोष्ट तीन पायऱ्यांवर कशी सांगतात, तेही पाहून ठेवा. 'कळसूबाई इज द हाएस्ट पीक इन महाराष्ट्र.' 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.' तिसऱ्या वाक्यात 'दॅन' नाही, म्हणून 'हाय'ने कपडे बदलले नाहीत. आणि पहिल्यातला 'द' विसरू नका.

गोदावरी मात्र भारतातल्या सर्वांत लांब नद्यांपैकी एक. म्हणून 'वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया'. पुष्कळ मुलं इथे एकच 'रिव्हर' लिहितात. अहो, अनेकांतली एक म्हटल्यावर नद्या अनेक नकोत का? हेच खालच्या पायरीवर सांगायचं तर, 'व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर ॲज लाँग ॲज द गोदावरी.'

दादा मोठा म्हणजे कसा?

आता दोन छोटे खड्डे सांगतो आणि पुढे जातो. 'दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.' मराठीत 'मोठा' वयानेही असतो, आकारानेही असतो आणि मनानेही. इंग्रजीत 'बिगर' म्हटलं तर दादा आकाराने मोठा, म्हणजे धिप्पाड झाला. वयासाठी 'ओल्डर' : 'माय ब्रदर इज टू इअर्स ओल्डर दॅन मी.' 'एल्डर' हा शब्दही आहे, पण तो 'माय एल्डर ब्रदर' असा नात्याला चिकटून येतो. 'दॅन'शी त्याचं जमत नाही.

दुसरा खड्डा सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर यांचा. हे पाहुणे लॅटिनमधून आले. त्यांच्या शेवटचा 'इअर' हेच तुलनेचं लॅटिन शेपूट. पाहुण्यांची पद्धत वेगळी, त्यांना 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतो : 'शी इज सीनिअर टू मी.'

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, हा तराजू घरीही उपयोगी पडतो. 'शेजारची मुलगी बघ, तुझ्यापेक्षा किती हुशार!' असं आपण सहज बोलून जातो. पारड्यात खरं तर काय असतं? एका चाचणीतले तिचे मार्क आणि त्याच चाचणीतले आपल्या मुलाचे मार्क. पण मुलाला ऐकू येतं ते असं, की दुसऱ्या पारड्यात तो स्वतःच बसलाय आणि हलका ठरलाय. मार्कांची तुलना मार्कांशी करा. आणि त्याहून बरी तुलना हवी असेल, तर त्याच्या आजच्या वहीची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याच्या वहीशी करा. मूल घरात इंग्रजी वाक्य जुळवू पाहत असेल, तर आधी वाक्य पुरं होऊ द्या, मग चूक सांगा. अर्ध्या वाक्यावर पिकलेली खसखस किती महिने तोंड बंद ठेवते, ते मी अनुभवलंय.

आता तुमची पाळी!

खालच्या सहा वाक्यांत एकेक चूक आहे. आधी पारडी पाहा, मग शेपटं पाहा.

१. संजू इज मोअर स्ट्राँगर दॅन राजू.
२. माय हँडरायटिंग इज नीटर दॅन माय सिस्टर.
३. टुडे इज व्हेरी हॉटर दॅन यस्टरडे.
४. आशिया इज लार्जर दॅन एनी काँटिनेंट.
५. मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटी इन इंडिया.
६. ही इज ज्युनिअर दॅन मी.

उत्तरं : १. 'मोअर' काढा. २. अक्षराची तुलना बहिणीशी नको, 'माय सिस्टर्स' असं हवं, म्हणजे बहिणीच्या अक्षराशी. ३. 'व्हेरी'ऐवजी 'मच'. ४. आशिया हाही खंडच, म्हणून 'एनी अदर काँटिनेंट'. ५. 'सिटी'ऐवजी 'सिटीज'. ६. 'दॅन'ऐवजी 'टू'.

सहाही बरोबर आली तर शाबास! दोन-तीन चुकली तरी बिघडत नाही. आज रात्री जेवताना घरातल्या दोन वस्तूंची तुलना करणारं एक वाक्य इंग्रजीत मोठ्याने बोला. चुकलं तर पुन्हा बोला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी तेच केलं. इंग्रजीच्या तासाला हात वर केला आणि गावच्या हवेचं वाक्य पुन्हा बोललो, दोन्ही पारडी सारखी करून. या वेळी मागच्या बाकांवरून हसू आलं नाही. शेजारचा मुलगा मात्र हळूच म्हणाला, "हे 'द एअर' दुसऱ्यांदा कशाला रे?"

मग मधल्या सुट्टीत मी त्याला तराजूची गोष्ट सांगितली.